गटाच्या संगणकाचा धूर कुठे निघतो?



पर्यावरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चुलीचा धूर, ओढ्यातलं प्लास्टिक, तोडलेली झाडं, शेतातली फवारणी. गटाच्या ऑफिसातला संगणक काही आठवत नाही. तो टेबलावर गप्प बसलेला असतो. त्याला ना धूर, ना वास.

पण आता आपला बराचसा कारभार त्याच्यावरच चालतो. ग्रामसंघाचे आणि प्रभागसंघाचे हिशेब, कर्जाचे हप्ते, लोकसंचालित साधन केंद्राचे अहवाल, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, पापडाच्या ऑर्डरी, बँकेची कामं, सगळं त्यात. जिथे एक संगणक होता तिथे दोन-तीन झाले. सोबत प्रिंटर आला, इन्व्हर्टर आला. पैसा आपल्या बचतीचा, बिल आपल्या नावाचं. तेव्हा त्याचा हिशेबही आपणच मांडायला हवा. त्याचा धूर कुठे निघतो, त्याचा कचरा कुठे जातो आणि त्यात आपल्या हातात काय आहे, एवढंच आज बोलू या.

विजेचा हिशेब

संगणक चालतो विजेवर. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ, पारस ही नावं तुम्ही ऐकली असतील. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळशातून एक युनिट वीज काढायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख मागे उरते. म्हणजे आपल्या संगणकाचा धूर आपल्या गावात दिसत नाही, तो दुसऱ्याच्या गावात निघतो.

आता एक युनिट म्हणजे काय? हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. टेबलावरचा साधा संगणक पडद्यासकट साधारण शंभर वॅट खातो असं धरू. दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस काम केलं तर होतात दोनशे तास. शंभर वॅटने दोनशे तास म्हणजे २० युनिट. हे झालं कामाचं.

आता समजा, संध्याकाळी तो बंदच केला नाही. 'उद्या सकाळी परत लावायचाच आहे' म्हणून तसाच ठेवला. महिन्याचे एकूण तास ७२०. त्यातले कामाचे २०० गेले, उरले ५२०. काम नसताना तो थोडं कमी खातो, पन्नास वॅट धरू. तरी महिन्याला २६ युनिट होतात. बघा, कामाला लागले २० आणि वाया गेले २६! वर्षाचे ३१२ युनिट. एका युनिटला दहा रुपये दर धरला तर तीन हजार रुपयांच्या वर. तुमच्या बिलावर दर किती लावलाय तो बघा आणि तुमचा आकडा काढा. ही सगळी वीज कोळशाची धरली तर एका संगणकामागे वर्षाला साधारण दोनशे किलो कोळसा, म्हणजे पन्नास किलोची चार पोती, कुणाचंही काम न करता जळाली.

यावर उपाय अगदी साधा आहे, आणि फुकटचा आहे. संध्याकाळी शेवटी निघणाऱ्या बाईने संगणक नीट बंद करायचा आणि मग भिंतीवरचं बटणही बंद करायचं. प्रिंटरचा, पडद्याचा, स्पीकरचा बारीक दिवा रात्रभर जळतो ना, तो प्रत्येकी थोडी थोडी वीज खातच असतो.

दिवसासाठी संगणकाच्या सेटिंगमध्ये दोन वेळा लावून घ्या. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा बंद, आणि पंधरा मिनिटांनी संगणक झोपेत. कळ दाबली की तो पुन्हा जागा होतो, काम होतं तिथेच असतं. पडद्यावर मासे पोहतात, फुलं उमलतात, ते चित्र मात्र वीज वाचवत नाही. ते चालू असतं तोवर पडदाही चालूच असतो. आणि पडद्याचा उजेड डोळ्यांना बरा वाटेल इतकाच ठेवा. वीजही वाचते, डोळेही.

यंत्र घरी येण्याआधीचा खर्च

बायांनो, विजेचा हिशेब मीटरवर दिसतो. दुसरा हिशेब दिसत नाही. तो यंत्र तयार होतानाचा.

संगणकात तांबं आहे, ॲल्युमिनियम आहे, कथील आहे, थोडं सोनंसुद्धा आहे. लॅपटॉप आणि मोबाईलच्या बॅटरीत कोबाल्ट असू शकतं. जगातलं सगळ्यात जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातल्या खाणींतून येतं. या सगळ्यासाठी डोंगर पोखरावा लागतो, भट्ट्या लावाव्या लागतात. आतल्या बारीक चिपा धुवायला अतिशय शुद्ध पाणी आणि कितीतरी रसायनं लागतात.

संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ साली याचा एक हिशेब जगापुढे ठेवला. त्या वेळचा जाड पडद्याचा एक संगणक, वजन चोवीस किलो. तो तयार करायला निदान २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड हजार किलो पाणी लागत होतं. यंत्राच्या वजनाच्या दहा पट इंधन! आजची यंत्रं हलकी झालीत, आकडे बदललेत, पण गोष्ट तीच राहिली आहे. आजच्या कितीतरी लॅपटॉपच्या बाबतीत जन्मभरात होणाऱ्या प्रदूषणाचा निम्म्याहून मोठा वाटा तो दुकानात येण्याआधीच होऊन गेलेला असतो.

म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने मोठा प्रश्न असा की, घेतलेलं यंत्र आपण किती वर्षं वापरतो? चार वर्षांनी बदलायचं ते आठ वर्षं चालवलं तर एक अख्खं यंत्र तयार होण्याचं वाचलं. गटाचे पैसेही वाचले.

'संगणक हळू झालाय, आता नवीनच घ्या,' असं दुकानदार म्हणाला की लगेच ठराव करू नका. त्याला आधी तीन गोष्टी विचारा. आतली धूळ काढली का? धुळीने पंखा चोंदला की यंत्र तापतं आणि मंद होतं. रॅम वाढवता येईल का? जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून तिथे नवीन प्रकारची, एसएसडी नावाची डिस्क बसवता येईल का? ही शेवटची दुरुस्ती केली की पाच मिनिटांत सुरू होणारं यंत्र बहुतेक वेळा अर्ध्या-एका मिनिटात सुरू होतं. खर्च नव्या संगणकाच्या मानाने बराच कमी येतो.

आणि खरंच नवीन घ्यायची वेळ आली तर? टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप बघा. तो साधारण तीस वॅटमध्ये काम करतो. मघाच्या हिशेबाने महिन्याचे २० युनिट होते, तिथे सहाच. शिवाय त्याला स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी काम अडत नाही. दिवसभर काम चालतं त्या टेबलावर नवा लॅपटॉप ठेवा, आणि जुना संगणक आठवड्यातून एक-दोनदा लागणाऱ्या कामाला ठेवा. जास्त चालणारं यंत्र कमी खाणारं असावं, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

विंडोज १० चा घोळ

सध्या एक गोष्ट फार ऐकू येते. 'तुमचं विंडोज १० बंद झालं, आता हा संगणक भंगारात.' नेमकं काय झालंय ते समजून घेऊ.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे संगणक बंद पडला असं नाही. तो चालतो. पण चोरट्यांपासून वाचवणारी जी दुरुस्ती कंपनीकडून फुकट येत होती ती आता नेहमीसारखी येत नाही. कुलूप जुनं झालं आणि किल्ल्या बाहेर फिरू लागल्या, असं समजा. अशा संगणकावर बँकेचं काम करणं धोक्याचं आहे, ही गोष्ट खरी. विंडोज ११ घालावं तर ते बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही.

पण म्हणून यंत्र भंगारात जायला हवं असं नाही. पहिल्यांदा तपासून घ्या, तुमच्या यंत्रावर विंडोज ११ बसतंय का. कधी कधी बसतं. नाहीच बसलं तर लिनक्स नावाची प्रणाली आहे. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही बरी चालते आणि तिच्यावर मराठीत लिहिता येतं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं मुलं अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आहेत. लिहिणं, हिशेबाचे तक्ते, ईमेल, इंटरनेट, सगळं तिच्यावर होतं.

मात्र घाई नको. तुमचे हिशेब टॅलीसारख्या, विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतील, किंवा कामाला डिजिटल सही लागत असेल, तर आधी जाणकाराला विचारा. तुमचा प्रिंटर चालेल का, तेही बघा. आणि काहीही करण्याआधी सगळ्या हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. यातलं काहीच जमलं नाही तर तो संगणक इंटरनेटपासून तोडा आणि लेबलं छापायला, पत्रं लिहायला वापरा. बँकेचं काम दुसऱ्या यंत्रावर करा.

कागद आणि बॅटरी

संगणक आला की कागद कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटं. बटण दाबलं की कागद बाहेर येतो, म्हणून आपण जास्तच छापतो. पाचशे कागदांच्या एका गठ्ठ्याचं वजन सव्वादोन-अडीच किलो भरतं. वर्षाला आपले किती गठ्ठे जातात ते मोजा. छापण्याआधी पडद्यावर एकदा वाचून चुका काढा. दोन्ही बाजूंनी छापा. एका बाजूने कोरे राहिलेले कागद कच्च्या कामाला ठेवा. लेझर प्रिंटर छापताना आतून तापतो आणि तेव्हा शेकडो वॅट ओढतो. म्हणून दिवसभर एकेक पान छापण्यापेक्षा दिवसाची छपाई एकदम उरका आणि मग तो बंद करा. शाईची नळकांडी पुन्हा भरता येतात का, हे प्रिंटर विकत घेतानाच विचारा.

पण बायांनो, एक गोष्ट बजावून सांगते. कागद वाचवायचा म्हणून बाईच्या हातातलं पासबुक काढून घेऊ नका. जिला मोबाईलवर वाचता येत नाही, तिला तिच्या बचतीचा आकडा कागदावर दिसलाच पाहिजे. कागद वाचवायचा तो अहवालांच्या जादा प्रतींचा.

आता इन्व्हर्टरची बॅटरी. ती भरलेली असली तर पन्नास-साठ किलोची भरते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. आत तेजाब असतं. शिसं पोटात किंवा श्वासातून गेलं की लहान लेकरांच्या मेंदूला इजा होते, आणि मुलांसाठी शिशाचं अमुक इतकं प्रमाण चालतं असं काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुनी बॅटरी अंगणात पडू देऊ नका. ती फोडून, वितळवून शिसं काढणाऱ्याला विकू नका. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच अधिकृत दुकानात परत द्या, तिचे पैसे वजा होतात. पाणी घालायची बॅटरी असेल तर वेळच्या वेळी डिस्टिल्ड पाणी घाला, साधं नको. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर जोडू नका. एवढं सांभाळलं की बॅटरी जास्त वर्षं जाते.

भंगारात गेल्यावर

जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आहे. त्यातला नोंद असलेल्या योग्य पद्धतीने जमा होऊन वापरात आला तो शंभरातला फक्त बावीस. मग बाकीचा? काही घराघरांत पडून, काही कचऱ्यात, आणि काही अशा वस्त्यांत जिथे माणसं हाताने तो फोडतात.

आपल्या देशात दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद यासाठी ओळखलं जातं. तारा जाळून तांबं काढायचं, हिरव्या पाट्या तेजाबात बुडवून सोनं काढायचं. प्लास्टिकचं वेष्टण जळलं की डायऑक्सिनसारखे विषारी वायू निघतात. जुन्या जाड पडद्याच्या काचेत किलोभर किंवा त्याहून जास्त शिसं असतं. हे काम करणाऱ्यांत बायका आहेत, पोरं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच मुलांबद्दल आणि गरोदर बायकांबद्दल एक वेगळा अहवाल काढला. आपण दोनशे रुपयांना विकलेल्या संगणकाची किंमत तिकडे कुणाची तरी लेक मोजत असते.

यात भंगारवाल्याला किंवा कचरा वेचणाऱ्या बाईला दोष द्यायचा नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते, तिच्यात बहुसंख्य बायकाच आहेत. कचरा वेगळा करण्याचं ज्ञान त्यांच्याकडेच आहे. प्रश्न आहे तो विषारी माल योग्य ठिकाणी पोचवण्याचा.

त्यासाठी कायदा आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत. माल बनवणाऱ्या कंपन्यांवर त्यांच्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी टाकलेली आहे. परवाना असलेल्या पुनर्वापर कारखान्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. एका संगणकासाठी त्यांची गाडी आपल्या गावात येणार नाही, हे खरं. पण वीस गावांच्या गटांनी जुने संगणक, प्रिंटर, चार्जर, मोबाईल प्रभागसंघाच्या एका खोलीत जमा केले तर गाडी भरते. एकजुटीने बियाणं आणतो, तसाच हा कचरा एकजुटीने बाहेर काढायचा. देताना पावती घ्यायला विसरू नका.

देण्याआधी आणखी एक काम. त्या संगणकात तुमच्या शेकडो बायांचे आधार कार्डाचे फोटो, खाते क्रमांक, कर्जाच्या नोंदी आहेत. फाईल पुसली म्हणजे ती गेली असं नसतं, जाणकार माणूस ती परत काढू शकतो. फॉरमॅट केलं तरी खात्री नाही. यंत्र कुणाला वापरायला द्यायचं असेल तर माहिती कायमची पुसणारा प्रोग्रॅम जाणकाराकडून चालवून घ्या. भंगारात द्यायचं असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या आणि ड्रिलने तिला भोकं पाडून मगच द्या.

मोबाईलचं काय?

'आम्ही तर सगळं मोबाईलवरच करतो, मग आमचा काय धूर?' असं कुणी विचारेल. आपण पाठवलेले फोटो आणि नोंदी हवेत राहत नाहीत. त्या मोठमोठ्या इमारतींतल्या संगणकांवर साठतात. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशी केंद्रं आहेत. ती रात्रंदिवस चालतात आणि त्यांना थंड ठेवायलाही वीज लागते. तरी एका निरोपाला लागणारी वीज अगदी किरकोळ असते, तेव्हा 'सुप्रभात' पाठवल्याचं मनाला लावून घेऊ नका. बैठकीचा तोच व्हिडिओ पाच जागी साठवू नका, एवढं पुरे. त्याहून मोठी बचत आहे ती मोबाईल जास्त वर्षं वापरण्यात. काच फुटली तर काच बदला, बॅटरी उतरली तर बॅटरी बदला.

पुढच्या बैठकीत एवढं करा

ऐकून सोडून द्यायचा हा विषय नाही. येत्या बैठकीत पाच गोष्टी लिहून घ्या आणि प्रत्येकीपुढे एका बाईचं नाव घाला.

एक, रोज संध्याकाळी यंत्रं आणि भिंतीवरची बटणं बंद करणारी कोण?

दोन, ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची यादी. कोणतं कधी घेतलं, कधी दुरुस्त केलं.

तीन, दुरुस्तीचा अंदाज हातात आल्याशिवाय नव्या खरेदीचा ठराव होणार नाही.

चार, महिन्याला किती कागद आणि किती युनिट लागले, हे फळ्यावर लिहायचं.

पाच, जुनी यंत्रं आणि बॅटरी कुठे ठेवायच्या, कुणाला द्यायच्या आणि देण्याआधी माहिती कोण पुसणार.

या महिन्याचं विजेचं बिल जपून ठेवा. तीन महिन्यांनी नवं बिल त्याच्याशेजारी धरून बघा. फरक दिसला तर वाचलेले पैसे गटाच्या वहीत वेगळे मांडा. पुढच्या दुरुस्तीला तेच कामी येतील.